देवमनचा दात

वामनराव डॉक्टर दातातून वात ओढून काढत आणि आधी नाकापाशी नेत. कागदाची वात ती, सुईहून जराशी जाड. ते डोळे मिटत. दवाखान्यातल्या बाकावर बसलेली माणसं तेवढ्यापुरती बोलायची थांबत. मग डॉक्टर म्हणत, "अजून आहे," नाहीतर म्हणत, "गेलं."

"आहे" म्हणजे दाताच्या मुळात सडका भाग शिल्लक आहे. "गेलं" म्हणजे मूळ भरायला तयार झालं.

दाताच्या मुळात एक बारीक पोकळी असते, केसासारखी. आतला जीव मेला की तिथे जंतू वस्तीला येतात आणि मुळाच्या टोकाशी, हाडात, पू होतो. बहुतेक लोक असा दात उपटून टाकत. वामनराव तो वरून उघडत, बारीक कानशींनी आतून साफ करत, औषधाचा बोळा ठेवून तात्पुरता बंद करत, चार-आठ दिवसांनी पुन्हा उघडत. शेवटी ती पोकळी कायमची भरून टाकत. एकदा भरली की आत जे राहिलं ते राहिलं. ते पाहायला पुन्हा जाता येत नाही. म्हणून सगळं कौशल्य भरण्यात नव्हतं, कधी भरायचं ते ओळखण्यात होतं.

अकोल्यात जठारपेठेत त्यांचा दवाखाना होता आणि त्याच इमारतीच्या मागच्या खोलीत आमची प्रयोगशाळा. मी नागपूरहून बी.एस्सी. होऊन तिथे लागले होते. रक्त, लघवी, थुंकी यांच्या तपासण्या करायच्या, जंतू वाढवून पाहायचे. मूर्तिजापूरकडच्या आमच्या गावात माझ्या वडिलांना लोक विचारत, "खुशालराव, पोरगी काय करते अकोल्यात?" आणि स्वतःच उत्तर देत, "जंतू पाळते म्हने. ढोरं पाळत जा म्हना, दूध तरी देते."

साठ साली वामनरावांनी कुठल्याशा मासिकात वाचलं, की परदेशात नुसत्या नाकावर दात भरत नाहीत. दातातली वात पोषक रसाच्या ट्यूबमध्ये टाकतात आणि अंगाच्या उष्णतेइतकी ऊब राखणाऱ्या पेटीत अठ्ठेचाळीस तास ठेवतात. एक जंतू जरी जिवंत असला तरी त्याचे कोट्यवधी होतात आणि रस गढूळ होतो. रस स्वच्छ राहिला तर पोकळी स्वच्छ. लागोपाठ दोन ट्यूबा स्वच्छ आल्याशिवाय भरायचं नाही, असा नियम त्यांनी स्वतःच केला आणि वाती माझ्याकडे येऊ लागल्या. पण माझ्या आधी त्या नाकाकडे जात.

"हे नाक तीस वर्षांचं आहे, वच्छलाबाई," ते म्हणत. "तुमची पेटी दोन वर्षांची."

आणि खरं सांगायचं तर नाक बहुतेक वेळा बरोबर निघत असे.

बासष्ट सालच्या मे महिन्याच्या सुरुवातीला अमरावतीहून देवमन आला. तेवीस-चोवीस वर्षांचा, सडपातळ, शर्टाचं वरचं बटनही लावलेला. त्याच्याबरोबर त्याचे वडील डोमाजी होते. वरचा समोरचा दात काळसर पडला होता आणि त्याच्या वर हिरडीवर वाटाण्याएवढा फोड होता. बारा वर्षांचा असताना बंडीचं जू उसळून तोंडावर बसलं होतं, तेव्हापासूनचं ते.

"अमरावतीचा डाक्टर म्हने, काढून टाक," डोमाजी म्हणाले. "दातच तं हाये, म्हने."

"मग काढला का नाही?" वामनरावांनी विचारलं.

देवमनने मांडीवरची लांबट पेटी उघडली. आत मखमलीवर काळा क्लॅरोनेट होता, पाच तुकड्यांत. त्याने तोंडाकडचा तुकडा हातात घेतला आणि त्याच्यावरच्या दोन खाचा दाखवल्या. वरचे दोन दात तिथे टेकून टेकून लाकडासारख्या त्या काळ्या पदार्थात त्यांची जागा झाली होती.

"हा दात काढला तं खिडकी पडते जी. खिडकीतून हवा जाते. मंग वाजवनं खतम."

अमरावतीच्या पोलीस बँडात क्लॅरोनेटची एक जागा निघाली होती. वाजवण्याची परीक्षा देवमन पास झाला होता. आता अठ्ठावीस मेला, सोमवारी, डॉक्टरी तपासणी होती. दात-हिरड्या निरोगी पाहिजेत, उपचार चालू असेल तर तो पुरा झाल्याची डॉक्टरांची चिठ्ठी पाहिजे, असं कागदावर लिहिलं होतं. उघडा, पू येणारा दात घेऊन गेला असता तर त्याला दारातूनच परत पाठवलं असतं.

डोमाजी खुर्चीत ताठ बसले होते. हात गुडघ्यांवर. "आमच्या घरी तीन पिढ्या डफडं वाजलं," ते माझ्याकडे पाहून म्हणाले, जणू हे नोंदवहीत लिहायचं होतं. "लोक मांडवात नाचे, आमी मांडवाच्या बाहीर वाजवो. छप्पन साली नागपूरहून आलो आन डफडं खाली ठेवलं. तं हे पोट्टं म्हने, बाबा, मले वाजवल्याशिवाय होत नाही. मंग म्या सांगतलं, वाजव. पन कोनाच्या दाराशी उभं राहून नाई. खुर्चीवर बसून वाजव, कागद पाहून वाजव. सरकारी."

"आ कर," वामनराव देवमनला म्हणाले. "अजून. अरे, अजून! मला आत आरसा घालायचा आहे, तुझ्यावाला बाजा नाही."

पहिली ट्यूब एका रात्रीत गढूळ झाली. सकाळी पेटी उघडली तर रस ताकासारखा. त्यात नवल नव्हतं.

दुसरी, आठवड्याने घेतलेली, दुसऱ्या दिवशी दुपारी गढूळ झाली. एवढी थोडी, की मी ट्यूबच्या मागे वर्तमानपत्र धरून पाहिलं. अक्षरं धुक्यातून पाहावीत तशी दिसत होती. त्यातला एक थेंब काचपट्टीवर घेऊन, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. गोल गोल मण्यांच्या माळा. कुठे चार मणी, कुठे चाळीस. ते माणसाच्या दाताचं मूळ पोखरत होते आणि इतके सुबक होते, की मी ती पट्टी जरा जास्तच वेळ पाहिली. नेहमी गढूळ ट्यूब उकळून धुऊन टाकायची असते. ही मी टाकली नाही. दर तीन दिवसांनी त्यातला एक थेंब नव्या रसात घालून ते जंतू जगवत राहिले. कशासाठी, ते तेव्हा मला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. गावच्या लोकांचं खरंच होतं, मी जंतू पाळत होते.

तपासणीची तारीख जवळ येत होती. वामनरावांनी कापरात मिसळलेलं जहाल औषध काढलं आणि बोळा एकदा नाही, दोनदा भिजवून ठेवला. "आता बघू कोण राहतं ते," ते म्हणाले.

देवमन अकोल्यातच बहिणीकडे राहिला. उपचार चालू असेपर्यंत क्लॅरोनेटला तोंड लावायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती. तो वाट पाहत बाकावर बसे तेव्हा पुस्तकावर बोटं नाचवत असे, मुक्यानेच. एकदा मी पाहिलं, तो चमच्याचा दांडा त्या दाताखाली धरून दुसऱ्या टोकाला टिचकी मारत होता.

"हे काय?" मी विचारलं.

तो लाजला. "पाहून राहिलो बाई, दात बोलते का."

"दात बोलतो?"

"आवाज पयले दातात येते, मंग कानात. लोकाईले वाटते आमी कानानं ऐकतो. क्लॅरोनेटवाला दातानं ऐकते. ह्या दातातून इथी जाते," त्याने कपाळाला, मग कानामागच्या हाडाला बोट लावलं, "आन मंग सूर कच्चा हाये का पक्का, ते समजते."

"आणि आता?"

"आता बद्द. फुटल्या मडक्यावानी."

ध्वनी हाडातून जातो हे मी पुस्तकात वाचलं होतं. परीक्षेत त्यावर पाच गुणांचं उत्तरही लिहिलं होतं. पण एक माणूस आपल्या एका दातावर इतका कान लावून जगतो, हे पुस्तकात नव्हतं.

तिसरी ट्यूब स्वच्छ आली. चौथी, शेवटच्या आठवड्यातली, बुधवारी सकाळी अठ्ठेचाळीस तास भरल्यावर तीही स्वच्छ. मी निरोप दिला. वामनरावांनी टेबलावर हात आपटला.

"फोड बसला. दात ठोकला तर दुखत नाही. वात कोरडी येते. नाक म्हणतं, गेलं. दोन ट्यूबा म्हणतात, गेलं. आता काय, देवानं खाली येऊन सही करायची? संध्याकाळी पाचला भरतो."

मी खोलीत आले आणि ट्यूबा उकळायला घेतल्या. चौथ्या ट्यूबचा कापसाचा बोळा काढला. वास आला.

कापराचा. देव्हाऱ्यात जाळतात त्याचा. अगदी थोडा, पण तोच.

मी ट्यूब खाली ठेवली. हा वास दातात असायला हरकत नव्हती, तिथे औषधच ते होतं. पण ट्यूबमध्ये तो यायचं कारण नव्हतं. याचा अर्थ वातीबरोबर औषधही रसात उतरलं होतं. आणि औषध दातात जे करतं तेच ट्यूबमध्ये करणार. वातीवर जिवंत जंतू आले असतील, तरी त्यांना तिथे वाढता आलं नसेल. रस स्वच्छ राहील. तो दाताबद्दल काहीच सांगत नसेल.

किंवा दात खरोखर स्वच्छ असेल. दोन्ही प्रकारची स्वच्छता दिसायला सारखीच. मी ट्यूब उजेडात धरली. मागे वर्तमानपत्र धरलं. सगळी अक्षरं स्पष्ट दिसत होती आणि त्यांतून काही कळत नव्हतं.

पाचला दहा मिनिटं कमी असताना मी पुढे गेले. देवमन खुर्चीत होता, तोंड उघडं, गालात कापूस. डोमाजी भिंतीशी उभे होते. वामनराव हात धूत होते.

"डॉक्टर, आज भरू नका."

"का?"

मी सांगितलं. ते ऐकत होते, पण हात धुणं थांबलं नव्हतं. शेवटी नळ बंद केला.

"बाई, ट्यूब गढूळ आली तर भरायचं नाही. स्वच्छ आली तरी भरायचं नाही. मग ती बघायची कशाला? शोभेला?"

"स्वच्छ आहे, की विषारी झाली आहे म्हणून स्वच्छ दिसते, ते बघता येतं. एक दिवस द्या."

"दिवस आहेत कुठे? आज बुधवार. सोमवारी तपासणी."

डोमाजी भिंतीपासून पुढे आले. "काय झालं बाई? साध्या बोलीत सांगा."

मी शब्द शोधू लागले. सांगता सांगता त्यांनीच मला थांबवलं.

"म्हंजे असं. घरात चोर दिसून नाही राहिला. पन चोर गेला, का दारात कुत्रं बसलं म्हून कोपऱ्यात दबून हाये, हे तुमाले पाहाचं हाये."

"हो. तेच."

"आन आपन भिंत बांधून टाकली तं?"

"तर चोर आत राहील. कुत्रं काही दिवसांनी निघून जाईल, औषधाचा जोर संपतो. मग पुन्हा फोड. आणि त्या हाडाला पुन्हा सावरायची ताकद नसली, तर दात काढावा लागेल."

खुर्चीतून देवमन काहीतरी बोलला. कापसामुळे कळलं नाही. वामनरावांनी कापूस काढला.

"थांबा म्हनलं जी. एक दिवस थांबा."

"सोमवार हाये लेका," डोमाजी म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता.

"सोमवार पोलिसाईचा हाये, बाबा. दात आपला हाये."

वामनराव कोणाकडेच न पाहता टॉवेलने एकेक बोट पुसत राहिले. मग म्हणाले, "उद्या सकाळी आठ."

मी जगवत ठेवलेल्या माळांची ट्यूब काढली. तार ज्योतीत लाल करून थंड केली, थेंबभर जंतू कापराच्या ट्यूबमध्ये सोडले. तेवढेच दुसऱ्या एका ताज्या रसाच्या ट्यूबमध्ये. देवमनच्याच दाताचे जंतू, एक थेंब इकडे, एक थेंब तिकडे. दोन्ही ट्यूबा शेजारी शेजारी पेटीत ठेवल्या.

गुरुवारी सकाळी ताजी ट्यूब दुधाळ होती. कापराची तशीच, स्वच्छ.

त्यात मी स्वतःच्या हाताने लाखो जंतू घातले होते. मला ते माहीत होतं. तरी काचेतून पलीकडची खिडकी दिसत होती, खिडकीतलं कडुलिंबाचं झाड दिसत होतं, झाडाची पानं मोजता येतील इतकी. मी पुष्कळ ट्यूबा पाहिल्या होत्या, पण नितळ पाण्याची भीती मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटली.

वामनरावांनी दोन्ही ट्यूबा खिडकीशी धरल्या. खूप वेळ धरल्या. मग कापराच्या ट्यूबचा बोळा काढून ती नाकाशी नेली, डोळे मिटले.

"हाच वास येत होता मला," ते म्हणाले. "वातीला. दोन्ही वेळा. मी म्हटलं, कापूर तर औषधाचा, त्याच्याखाली दुसरं काही नाही. म्हणजे गेलं." डोळे उघडले. "कापराखाली दुसरं काही कळणारच कसं, बाई? आपण कापूर लावतोच त्याच्यासाठी."

त्यांनी बोळा परत लावला. नीट, दोन बोटांनी दाबून.

"किती भरले असतील असे," ते म्हणाले. बाहेर जाऊन देवमनला हाक मारली.

त्या दिवशी त्यांनी दातातलं सगळं औषध धुऊन काढलं. उकळून निवलेलं मिठाचं पाणी, पिचकारीने, पुन्हा पुन्हा, वातीला कापराचा वास येईनासा होईपर्यंत. आणि मग ज्या दातात तीन आठवडे काही ना काही औषध होतं, त्यात नुसता कोरडा निर्जंतुक कापूस ठेवून वरून बंद केला.

"काहीच औषध नाही?" देवमनने विचारलं.

"काहीच नाही," वामनराव म्हणाले. "कुत्रं हाकललं. आता कोपऱ्यात कोणी असेल तर त्याला उठून बाहेर यायला एक दिवस."

शुक्रवारी सकाळी दात उघडला. मी दोन ट्यूबा घेऊन खुर्चीजवळ उभी राहिले. एक वात पहिल्या ट्यूबमध्ये, दुसरी वात दुसऱ्या ट्यूबमध्ये. वामनरावांनी यावेळी एकही वात नाकाशी नेली नाही. बाकावरच्या एका बाईने शेजारणीला विचारलं, "आज हुंगलं नाई वं?"

शुक्रवारची सकाळ ते रविवारची सकाळ म्हणजे अठ्ठेचाळीस तास. नियम दोन स्वच्छ ट्यूबांचा होता, एकामागून एक. तेवढे दिवस उरले नव्हते. एकच खरी मिळणार होती.

अकोल्यात मे महिन्यात जंतूंना ऊब द्यावी लागत नाही, त्यांना उन्हातून वाचवावं लागतं. बाहेर सेहेचाळीस अंश होतं. पेटीला तापवता येतं, थंड करता येत नाही, आणि आत फार तापलं तर जंतू त्या उष्णतेनेच मरतील आणि ट्यूब पुन्हा खोटी स्वच्छ येईल. मी पेटीभोवती ओली पोती गुंडाळली, खाली परातीत पाणी ठेवलं, दर अर्ध्या तासाने पारा पाहिला. सदतीस. साडेसदतीस. शनिवारी दुपारी एकदा एकोणचाळीसवर गेला तेव्हा डोमाजींनी न सांगता विहिरीची बादली आणून पोत्यांवर ओतली. ते दोन्ही दिवस प्रयोगशाळेच्या दाराशी स्टुलावर बसून होते.

"अंडे उबवून राहिले का बाई?" त्यांनी विचारलं.

"तसंच काहीसं."

"आमी वाट पाहून राहिलो का पिलू निघू नये."

शनिवारी सकाळी चोवीस तास झाले होते. दोन्ही ट्यूबा स्वच्छ होत्या. मी दुसरी ट्यूब बाहेर काढली आणि तिच्यात देवमनच्या जुन्या जंतूंचा एक थेंब सोडला. डोमाजी उठून उभे राहिले.

"हे काहून? साफ होती ना ते?"

"साफ होती. पण बोलत नव्हती. ह्या थेंबाने ती गढूळ झाली, तर रसात विष नाही. मग पहिली स्वच्छ राहिली, तर ती खरंच स्वच्छ."

त्यांनी दोन्ही ट्यूबांकडे बोट केलं. "म्हंजे एक खराब झाली तरच दुसरी चांगली."

"हो."

"आन दोनी चांगल्या राहिल्या तं?"

"तर आपल्याला काहीच माहीत नाही."

ते पुन्हा स्टुलावर बसले. "मोठं अवघड काम हाये तुमचं," ते म्हणाले.

रविवारी सकाळी आठ वाजता आम्ही चौघं त्या खोलीत होतो. वामनराव, देवमन, डोमाजी आणि मी. पेटीचं दार मी उघडलं. आधी दुसरी ट्यूब काढली, कारण तिच्याशिवाय पहिलीला अर्थ नव्हता.

गढूळ. ताकासारखी.

मग पहिली.

मी ती देवमनच्या हातात दिली आणि मागे वर्तमानपत्र धरलं. मग त्याने काचेतून, रसातून, पलीकडची ओळ वाचली. "सरकी. भाव स्थिर."

"दुसरीतून वाच," वामनराव म्हणाले.

"काईच दिसत नाई जी."

एकाच दातातून, एकाच सकाळी, एकाच हाताने घेतलेल्या दोन वाती. एका ट्यूबमध्ये एवढं जीवन माजलं होतं, की त्यातून उजेड जात नव्हता, आणि त्याच्याच साक्षीने दुसरीतली शांतता खरी ठरली होती. मी हे सगळं स्वतः मांडलं होतं, काय झालं तर त्याचा काय अर्थ, ते मला आधीच माहीत होतं. तरी ती ओळ मी स्वतः पुन्हा एकदा वाचली. जे दिसत नाही, ऐकू येत नाही, ज्याला वास नाही, ते आता तिथे नाही, एवढंच आम्हाला समजलं होतं. आणि एवढं समजायला किती लागलं होतं.

"चल," वामनराव म्हणाले. "खुर्चीत."

भरायला तासभर लागला. मुळाची लांबी मोजून ठेवलेली होती. गट्टापर्चाची, म्हणजे रबरासारख्या चिकाची, गुलाबी काडी त्यांनी त्या मापाने कापली, लेपात बुडवली आणि जाऊ दिली, अगदी टोकापर्यंत, जराही पुढे नाही. मग कडेने बारीक काड्या, एकामागून एक, जागा संपेपर्यंत. डोमाजी दारात पाठमोरे उभे होते. मी पाहत होते. आत कोणी नाही याची खात्री करून एक केसाएवढी खोली कायमची बंद होत होती.

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली. उपचार पुरा झाला. सही केली. मग खाली शाई वाळेपर्यंत फुंकर घालत म्हणाले, "तो बाजा जोड. एक सूर. एकच. जास्त वाजवलास तर उद्या मीच पोलिसांना सांगेन, याला घेऊ नका."

देवमनने पाचही तुकडे जोडले. दात खाचांत टेकवले. मी खोलीत धावत गेले आणि ढवळायची काचेची कांडी घेऊन आले.

"चालेल?" मी विचारलं. कांडीचं एक टोक क्लॅरोनेटच्या लाकडाला टेकवलं, दुसरं माझ्या दातांत धरलं. दोन्ही कानांत बोटं घातली. वामनराव माझ्याकडे पाहत राहिले.

त्याने सूर लावला.

तो कानात आला नाही. तो माझ्या डोक्यातच होता, आधीपासून असल्यासारखा. जबड्यात, कपाळात, डोळ्यांच्या मागे. खोलीत कुठेच आवाज नव्हता आणि मी आतून भरून गेले होते. सूर थांबला तरी कांडी थोडा वेळ दातांत होती, ती काढायची आठवण मला राहिली नाही.

"बोलते का रे?" डोमाजींनी दारातूनच विचारलं. मागे वळले नव्हते.

देवमनने क्लॅरोनेट खाली घेतला. जिभेने तो दात एकदा चाचपला.

"बोलते, बाबा."

बापलेक दुपारच्या मोटारीने अमरावतीला गेले. जाण्याआधी त्यांच्यासमोरच ती स्वच्छ ट्यूब मी पेटीत परत ठेवली होती. नियमाने दुसरी घ्यायची राहिली होती, त्याची भरपाई म्हणून. दोन दिवस, आठ दिवस, बारा दिवस. रोज सकाळी मागे वर्तमानपत्र धरून एक ओळ वाचायची. रोज वाचता आली.

तेराव्या दिवशी अमरावतीहून पोस्टकार्ड आलं, वामनरावांच्या नावाने. तपासणी झाली, घेतलं, पंधरा ऑगस्टच्या परेडला वाजवायचं आहे, कागद पाहून, असं लिहिलं होतं. खाली वेगळ्या, मोठ्या, जोर देऊन काढलेल्या, बहुधा डोमाजींच्या, अक्षरांत एकच ओळ होती: बाईंची ट्यूब कशी आहे?

वामनरावांनी कार्ड माझ्याकडे दिलं. त्या सुमारास त्यांनी नवीन सवय लावून घेतली होती. वात काढत, नाकाशी नेत, डोळे मिटत, आणि मग बाकावरच्या लोकांना काहीच सांगत नसत. "परवा सांगतो," म्हणत.

आमच्याकडे ट्यूबा थोड्या होत्या. मी ती स्वच्छ ट्यूब उजेडात एकदा शेवटची धरली, बोळा काढला, वास घेतला. कसलाच आला नाही. मग ती उकळली, धुतली आणि दुसऱ्या दातासाठी पालथी घालून ठेवली.